कोथिंबीर दाखवा, बाबा

...नाही, पण मला सांगा, ज्या माणसानं जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, ज्याच्या हाताला ग्रीसखेरीज दुसरा वास ठाऊक नाही, त्याला ऐन थंडीत कुणी खोलीत शेती करायला लावतं का? माझ्या मुलीनं लावली! ती राहते विमानानं जावं लागतं इतक्या लांब. आमची ही गेल्यापासून मी घरात एकटा, थंडीत बाहेर पडत नाही, चहा-पावावर दिवस काढतो, हे तिला कुठून कळलं देव जाणे, पण एक दिवस पार्सल दारात. ट्रे, माती, बिया आणि एक दिवा. फोनवर म्हणाली, कोथिंबीर, पुदिना, सॅलडची पानं, सगळं घरात उगवतं बाबा, ताजं तोडायचं, ताजं खायचं. म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार?

तुम्हाला सांगतो, धणे रगडले, पेरले, दिवा लावला. तर दिवा जांभळा! भिंत जांभळी, मी जांभळा, कपातला चहा जांभळा. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई वर आल्या, दारातूनच मान आत घालून हळू आवाजात, "काका, गिऱ्हाइकं विचारतात हो, वर नाचाचा क्लास निघालाय का?" अहो, मला जिना उतरताना कठडा धरावा लागतो! म्हटलं, आत तर या, बसा, चहा टाकतो. तर म्हणे मशीन चालू ठेवून आलेय. गेल्या. म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार... आधण तेवढं दोघांचं ठेवून बसलो होतो.

मग कोंब आले. आणि कोंबांपाठोपाठ फोन! आधी मुलीचा फोन रविवारी यायचा. जेवलात? गोळी घेतलीत? ठेवू? संपलं. आता रोज संध्याकाळी, तोही व्हिडिओ. मी आपला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट चढवून बसतो, आणि ती म्हणते, "बाबा, तुमचं कपाळ नको, कोथिंबीर दाखवा." म्हटलं, बरं. मोबाइल खाली धरला. आता ती बोलणार कुणाशी, तर कोथिंबिरीशी! केवढी झालीस गं, आणि हे पान का पिवळं, आणि बोलता बोलता तिचा तो खडूस साहेब, तिची पाठदुखी, एकटीनं जेवायचा कंटाळा... मला कधी सांगितलं नव्हतं हो यातलं काही. मी ट्रेच्या मागे बसून सगळं ऐकायचो. हात भरून यायचा, पण मोबाइल हलू दिला नाही.

एक दिवस म्हणाली, छान वाढली, आता सगळी कापा आणि खा. झालं काम.

कात्री घेतली. बसलो. मनात आलं, ही कापली की उद्या फोन कशाला येईल? रिकामी माती बघायला? ठेवली कात्री. मफलर गुंडाळून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून जुडी आणली, पावावर घालून खाल्ली, आणि तिला सांगितलं, थोडी कापली, काय चव आहे! असं रोज. इकडे सॅलडच्या पानांना दांडे फुटले, कडूजहर झाली, कोथिंबीर गुडघ्याएवढी वाढून लवंडायला लागली, मी कॅमेरा जरा तिरका धरायचो.

पण पोरगी माझीच. एका संध्याकाळी थबकली. "बाबा, ही फुलं आलीत. तुम्ही एकदाही कापली नाहीत?"

म्हटलं, कात्रीला धार नाही.

मग म्हणाली, "मोबाइल वर घ्या. तुम्ही दिसू द्या."

घेतला वर. आणि तोंडातून निघूनच गेलं, "कापली असती, तर रोज फोन केला असतास?"

मग नाक पुसत म्हणाली, ऑफिसचा फोन येतोय, ठेवते. दुसऱ्या दिवशी फोन नाही. तिसऱ्या दिवशी नाही. म्हटलं, बरं. दुसरं काय... झालं, बोलून बसलो आणि घालवलं.

तर चौथ्या दिवशी परत पार्सल! पाठोपाठ फोन. म्हणाली, टोमॅटो आहेत बाबा. त्यांना फार वेळ लागतो. आधी फूल, मग फळ, मग पिकायचं. रोज बघावं लागेल आपल्याला.

आता तुम्हाला खरं सांगतो, टोमॅटो मला जन्मात आवडला नाही.

दोन ट्रे लावलेत.