पाहुण्यांसाठी श्राद्ध

(मध्य व्हिएतनाममधलं ह्वे शहर. क्वेनच्या घरचं जेवणघर. पैसे देऊन जेवायला येणारे दुपारचे परदेशी पाहुणे नुकतेच गेले आहेत.)

क्वेन : हात लावू नका! त्या उदबत्त्या पाहुण्यांसाठी आहेत.

वडील : थोआसाठी, तुझ्या आईसाठी एक लावायची होती, पोरी. पण तिचा फोटो कुठे दिसेना. पूर्वजांच्या देव्हाऱ्यात... माझाच आहे.

क्वेन : पंधरा वर्षांनी दारात उभे राहताय, आणि पहिली चौकशी फोटोची? वा!

वडील : ती गेली हे परवा कळलं. दालातच्या बाजारात आपल्या गल्लीतली लान्ह भेटली. तशीच बस धरली. इथे पाहुणे दिसले म्हणून फाटकाशीच थांबलो. तू त्यांना काहीतरी सांगत होतीस, आणि सगळे माझ्या फोटोपुढे वाकत होते.

क्वेन : इंग्रजीत सांगत होते. तुम्हाला कळलं नसेलच.

वडील : फोटोपुढे भात, मासा, उदबत्ती. एवढं कळायला इंग्रजी कशाला लागतं? मी मेलोय ना?

क्वेन : हो. आठवड्यातून पाचदा मरता. सोमवार-मंगळवार सुट्टी.

वडील : अगं, जिवंत माणसाचा फोटो तिथे ठेवत नाहीत.

क्वेन : माहितीये मला, शिकवू नका! येणाऱ्यांना नुसतं जेवण नको असतं, घरचं श्राद्ध बघायचं असतं. आधी गेलेल्यांना वाढायचं, उदबत्ती जळून जाईपर्यंत थांबायचं, मगच आपण जेवायचं. कुठून कुठून येतात त्यासाठी. आजी-आजोबांचे फोटो पुरात गेले. एकच मोठा फोटो उरला होता. त्यात तुमच्यावर राग. लावला.

वडील : आणि थोआनं लावू दिला?

क्वेन : भांडली माझ्याशी. नवरा जिवंत आहे माझा, असलं अभद्र घरात नको, म्हणाली. दोन दिवस जेवली नाही. मी म्हटलं, जिवंत आहेत तर आहेत कुठे?

वडील : बरोबर बोललीस.

क्वेन : काही बरोबर नाही! चुकलं माझं. तिचा जीव तुटत होता आणि मी ताटं मांडत होते. आता तिचा फोटो वर माडीवर ठेवलाय. तिच्यापुढे कुणी कॅमेरे नाचवलेले मला नाही चालायचे.

वडील : त्यांना काय सांगतेस? मी कसा मेलो?

क्वेन : जाऊ द्या ना.

वडील : सांग. मला कळायला नको?

क्वेन : पूर आला. तुम्ही मला आणि आईला छपरावर चढवलंत. मग शेजारच्या म्हातारीला आणायला पाण्यात उतरलात, ते परत आलाच नाहीत. काही जण रडतात सुद्धा.

वडील : त्या पुरात मी तर...

क्वेन : दालातला होतात. आम्हाला सोडून, त्या बाईकडे. मला छपरावर ढकललं ते आईनं, एकटीनं. पण जेवायला बसलेल्या लोकांना हे काय सांगायचं?

वडील : तुझ्या गोष्टीतला माणूस बरा आहे गं. तसं वागायला हवं होतं मी. फार लाज वाटते. वर जाऊ का? एक उदबत्ती लावतो नि निघतो. नको म्हणालीस तर असाच जातो.

क्वेन : जा. पण एक ऐकून जा. शेवटी शेवटी आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. हनोईचे पाहुणे आले की मी आपल्या भाषेत सांगायचे, ते ऐकून ऐकून तिला तेच खरं वाटायला लागलं. मग भांडण संपलं. पाहुणे नसले तरी तुमच्यापुढे ताट ठेवायची.

वडील : काही म्हणायची?

क्वेन : मला विचारायची, पाणी फार गार लागलं असेल का गं त्यांना?