कारभारीच्या नावाची बाटली

सकाळी दहा वाजता सोजराबाई नवऱ्याच्या नावाची लघवीची बाटली घेऊन खामगावच्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीत गेली. नवरा कारभारी आणि शेजारी उकंडराव बाहेर बाकावर बसले. त्याच बाकावर आपली बाटली घेऊन बसलेल्या वामनरावाला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

“माह्या लघवीनं तू बरा व्हतं काय बे?” उकंडराव म्हणाला.

“हळू बोल. नागपूरले मूत्राशयातली गाठ काढली, तवाच डॉक्टर म्हने, परत येऊ शकते. लघवी तपासत राहा.”

“मंग सोताची काऊन नाई देल्ली?”

“रगत जाऊन राह्यलं.”

“वहिनीले माहीत हाय?”

“तिले समजलं त मलकापूरले पाय निघीन काय तिचा? पोरीचं बाळंतपन हाय तिथं. वर्षभर माह्याच उशाशी बसून हाय थे.”

“अन् तू एकटा?”

“भाकर थापता येते मले.”

“भाकरीचं नाई इचारत मी.”

तेवढ्यात सोजराबाई बाहेर आली.

“आयकलं का! लघवी तापवून पाह्यली, गढूळ नाई झाली म्हने. रगतबी नाई. सहा महिन्यानं या म्हनते डॉक्टर.”

“मी म्हनलंच व्हतं. जाय आता पोरीकडे.”

“भाऊजी, यायच्याकडे ध्यान ठेवजा.”

“हाव, वहिनी.”

“अन् दादा, तुमचीबी साफच निघीन पाहा.”

वामनरावाने नुसती मान हलवली.

दुपारच्या गाडीने सोजराबाई गेली. दवाखाना बंद होताना आपला निकाल घेऊन निघालेल्या वामनरावाने पाहिलं, तर कारभारी एकटाच बाकावर होता. त्याची लघवी अजून कोणी तपासली नव्हती.