मामलेदाराचं उत्तर

चहा पाजताय, पण माझ्या नोकरीचं कौतुक करू नका. हे ऐका आधी.

सत्तरच्या दशकात मी नाशिकच्या दिवाणी कोर्टात कारकून होतो. इगतपुरीकडच्या धर्माबाबांना जमीनमालक भातशेतातून काढायला निघाला होता. शेत कसणारा कूळ आहे की नाही, हे आमच्या कोर्टाला ठरवता येत नसे. तो प्रश्न मामलेदाराकडे पाठवायचा आणि उत्तर येईपर्यंत दावा थांबवायचा, असा कायदाच होता.

दर तारखेला बाबा माझ्या टेबलापाशी येऊन विचारायचे, "सायेब, मी कूळ हाय का नाय?"

"उत्तर यायचंय, बाबा."

चार वर्षं हेच चाललं. मग एका तारखेला त्यांची बायको एकटीच आली.

"ते गेले, सायेब. पण ते कूळ व्हते का नव्हते, तेवढं सांगा."

तेव्हा कुठे मी फाईल काढली. मामलेदाराला लिहिलेलं पत्र तिच्यातच होतं. शिक्का मारून पाठवू म्हणून मीच ते ठेवलं होतं आणि विसरलो होतो. शिक्का माझ्याच टेबलावर होता, हो!

म्हातारी बघत उभी होती. मी फाईल मिटली.

म्हणालो, "उत्तर यायचंय, मावशी."