थाल्लुसाच्या अंगावर काय घडवायचं?

आपल्या परीट मंडळाचे सन्माननीय अध्यक्ष नुमिटोरियस, व्यासपीठावर विराजमान असलेले मंडळाचे आश्रयदाते आणि माझे पूर्वीचे धनी लुसियस रुस्टियस, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते शिल्पकार फाउस्तिओ, आणि रोमभरातून आलेल्या माझ्या परीट बंधूंनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोनाचे चार झाले तर सांभाळून घ्या. या टोग्यात मी घामाने निथळतोय. पण धन्यांनी मला आणि माझ्या बायकोला, नेब्रिसला, गुलामीतून मोकळं केलं, तेव्हापासून चारचौघांत हा घालायचाच. उगाच कुणाला वाटायला नको, हिलारस अजून गुलाम आहे! हसताय काय? तुम्हीही घरून हेच गुंडाळून आलात.

फाउस्तिओंबद्दल काय सांगू? आपली माणसं मळ निघावा म्हणून जन्मभर मुताच्या हौदात उभं राहून दुसऱ्यांचे कपडे तुडवतात. मेल्यावर यांनी त्यांना थडग्याच्या दगडात टोगा दिला, त्याच्या चुण्या अशा पाडल्या की सिनेटरानेही वळून बघावं. कलेचं याहून मोठं काम कोणतं?

आमच्या थडग्याचा दगडही आम्ही जिवंतपणीच यांच्याकडे घडवायला दिलाय. मी टोग्यात, नेब्रिस डोक्यावरून शाल घेतलेली, मधे आमची लेक थाल्लुसा. आमचं दोघांचं झालं. लेकीचा नुसता चेहरा झालाय. गळ्याखाली ओबडधोबड दगड तसाच आहे.

परवा फाउस्तिओंनी विचारलं, "हिलारस, पोरीला काय घालू? मोकळ्या बाईचा पायघोळ झगा की दासीचा आखूड अंगरखा? मी दोन-तीन दिवसांत निघालो, दूर मसिलिया शहराला, लेकाकडे. परत यायचा नाही बाबा."

मी "उद्या सांगतो" म्हणून निघालो. नेब्रिस मात्र घरी येऊन कडाडली, "अहो, टोगा घालून मिरवताय ते मिरवा. पण पोरीला दासी म्हणून दगडात घातलीत, तर मला त्या दगडाखाली पुरू नका!"

तिचं काय चुकलं? थाल्लुसा जन्मली तेव्हा नेब्रिस गुलाम होती, म्हणून लेक धन्यांची झाली. आम्ही सुटलो, ती राहिली. धन्यांच्या लेकीचे, ताईसाहेबांचे, केस विंचरते. पुढच्या महिन्यात ताईसाहेबांचं लग्न आहे आणि थाल्लुसा आंदण म्हणून त्यांच्याबरोबर कार्थेजला जाणार. मधे समुद्र. पुन्हा दिसेल कशाला?

धन्यांच्या जेवणघरातलं भिंतीवरचं चित्र आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. ताईसाहेब आसनावर, मागे आरसा धरून थाल्लुसा. खरं तर पोरगी ताईसाहेबांपेक्षा वीतभर उंच आहे. चित्रात ती त्यांच्या कमरेलाही लागत नाही. चित्रकाराचा काय दोष? दासीला तेवढीच काढतात. फाउस्तिओंनी मात्र तिचं डोकं आमच्या डोक्यांएवढंच घडवलंय. धनी एकदा फाउस्तिओंच्या कारखान्यात आले होते, बघून म्हणाले, "मुलगी जरा मोठी झालीये." फाउस्तिओ म्हणाले, "माप घेऊनच केलंय, साहेब." धनी आले तसे निघून गेले. झगा घडवला तर ते खोटं, धनी दुखावतील. अंगरखा घडवला तर आपण होऊन लेकीला कायमची दासी केल्यासारखं. मग काय करायचं, सांगा ना?

अध्यक्ष महाराज, तुम्ही खुणा करताय ते दिसतंय मला. थांबतोच. या भाषणात असलं बोलायचं नसतं हेही कळतं. पण दुसरी वेळ कुठली आणू? फाउस्तिओंची गाडी उद्या निघते.

धनी, गुलाम मोकळा करायची रीत आपल्याला माहीत आहे. न्यायाधीशापुढे जावं लागत नाही. चार मित्रांच्या देखत मालकाने "ही मोकळी आहे" म्हटलं, की झालं. इथे तर सभागृह भरलंय. सगळे आपले मित्र, आपलंच मीठ खाल्लेले. फाउस्तिओंची छिन्नी अजून सामानात बांधलेली नाही, मी विचारून घेतलंय.

फाउस्तिओ, तुमचा प्रवास सुखाचा होवो. मंडळाचे, अध्यक्षांचे आणि एवढा वेळ ऐकून घेतलंत म्हणून तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. धनी, आपण मला टोगा दिलात, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आज त्याच टोग्यात उभा राहून भरसभेत आपल्याला अडचणीत आणलं. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर शिक्षा मला करा. तिला करू नका.