वडिलांचं रक्त

दवाखान्यात माझ्या शेजारी सातवा महिना लागलेली एक बाई, तिचा नवरा आणि सासू अशी तिघं बसली होती. समोर नर्स उभी होती.

“बाळाच्या मेंदूत पाणी साठलंय. असं का होतं, यावर इथे संशोधन चालू आहे. आई-वडील दोघांचंही रक्त लागेल.”

“हिचं घ्या की. बाळ हिच्या पोटात आहे.”

“निम्मं वडिलांकडूनही येतं, आजी.”

“आमच्या घराण्यात असलं कुणाला नाही. एकजात सगळे हुशार.”

“मग रक्त द्यायला काय हरकत आहे, आई?”

“अगं, पण निघालं काही तर? धाकट्याचं लग्न व्हायचंय अजून.”

“आणि माझ्यात निघालं तर?”

“तुझं झालंय लग्न.”

“सोनोग्राफीत बघून नाक आमचं, कपाळ आमचं म्हणत होतात. कपाळाच्या आतलं तेवढं माझं का?”

“उगाच शब्दाने शब्द वाढवू नकोस.”

“नाही वाढवत. सिस्टर, माझं घ्या. मला माझ्या बाळाचं काय ते कळायला हवं.”

“घेते. पण वडील कुठे गेले? आत्ता तर इथेच होते.”

“गाडी नीट लावलीय का, ते बघायला गेलाय तो.”

“आई, आपण बसने आलोय.”