विमलच्या आरामाचे पाच दिवस

मी मधुकर, मूळचा जालन्याकडचा, गाव तालुक्यापासून आत, वडील वीटभट्टीवर कामाला आणि आईही त्यांच्याबरोबरच, घरात पाटी-पुस्तक आणणारा मी पहिला. वसतिगृहात राहून बारावी झालो आणि त्याच उन्हाळ्यात लग्न लावून दिलं, तेव्हा तसंच असायचं, मला वाटलं आता संपलं शिक्षण. पण विमल, सातवी शिकलेली माझी बायको, लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता, डोक्यावरचा पदर सावरत माझ्या वडिलांना म्हणाली, मामा, त्यांना शिकू द्या, त्यांच्या वाटचं काम मी करते. आणि केलं बघा. तीन वर्षं मी तालुक्याला बी.ए. करत होतो आणि ती लोकांच्या रानात खुरपत होती. पदवीच्या कागदावर नाव माझं आहे, पण तो कागद कोणी मिळवून दिला हे मला ठाऊक आहे, आणि हे मी कुठंही, कोणासमोरही सांगतो.

मग मुंबईत सरकारी कचेरीत लिपिक म्हणून लागलो. घाटकोपरला टेकडीवर खोली, खाली रस्त्यावर एका वहिनींचं पोळीभाजी केंद्र, मुलगी शाळेत रुळल्यावर तिथं विमल पोळ्या लाटायला जायला लागली ती बावीस वर्षं. तुम्ही कधी बघितलं नसेल तिला लाटताना. कणकेचे गोळे एकसारखे, जसं काही साच्यातून काढलेत, आणि लाटणं फिरतंय तिकडे लक्षच नाही, शेजारच्या बाईशी गप्पा चालू, आमच्या ह्यांना कचेरीत पंखा असतो, म्हणून ते गोरे आणि मी काळी, असं काहीतरी म्हणून सगळ्यांना हसवायची. मला मात्र त्याचं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू, मला वाटायचं की एवढं शिकलो आणि बायको अजून भट्टीसमोरच उभी आहे. मी मनाशी ठरवलं होतं की एक दिवस हिला असा आराम द्यायचा की हिनं पाण्याचा पेलासुद्धा उचलायचा नाही. हे जे ठरवलं ना मी, त्याचंच पुढं असं झालं.

आमची मुलगी प्रज्ञा इंजिनिअर झाली, मुलुंडला हा फ्लॅट तिनंच घेतला, ती स्वतः असते बंगलोरला. मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी केंद्राच्या वहिनींनी मला बोलावलं, म्हणाल्या, भाऊ, विमलताईंना जरा आराम द्या, परवा मीठ दोनदा घातलं, काल मला विचारलं तुम्ही नवीन का. मी म्हटलं थकलीय. घरीसुद्धा तिनं किल्ली पिठाच्या डब्यात ठेवली होती, मी म्हटलं थकलीय. मला एकच शब्द येत होता, थकलीय. तिचं काम सोडवलं आणि प्रज्ञाला फोन केला, म्हटलं, बेटा, मम्मीला विश्रांती पाहिजे. ती म्हणाली, पप्पा, तुम्ही काही बोलू नका आता, पासपोर्ट काढा, मी बघते.

तिनं मालदीवचं काढलं. पाच दिवस, सगळं त्यातच धरलेलं, जेवण, चहा, सरबतं, बोट, काय हवं ते मागा. विमलनं तरी शेंगदाण्याची चटणी घेतलीच, म्हणाली, परमुलखात काय देतील सांगता येत नाही. उतरल्यावर मनगटात निळा पट्टा बांधला, हातात शहाळं दिलं आणि समुद्रातच खांबांवर उभ्या केलेल्या लाकडी घरात नेऊन सोडलं. मला तर भरून आलं हो. वीटभट्टीवरच्या माणसाचा पोरगा मी, आणि माझ्या पलंगावर टॉवेलचे हंस करून ठेवलेले. त्या घराच्या जमिनीत एक काच बसवलेली, खाली मासे दिसायचे, विमलनं त्या काचेवर तिची साडी पसरली, मी म्हटलं, अगं ते बघायलाच ठेवलंय, तर म्हणाली, आपण त्यांना बघतो ते ठीक, पण ते खालून आपल्याला बघतात त्याचं काय. आम्ही दोघं किती हसलो. ते हसणं माझ्या चांगलं लक्षात आहे, कारण त्यानंतर तसं...

जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर ही आंघोळ करून, साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसलेली. म्हणाली, अहो, उठा की, मला उशीर झाला, वहिनी ओरडतील. मी म्हटलं, विमल, आपण सुट्टीवर आहोत. ती हो म्हणाली आणि बसून राहिली. करायला काहीच नव्हतं ना तिला. अंथरूण आवरायला घेतलं की ते लोक येऊन आवरायचे, कप विसळायला गेली की नको मॅडम, नको मॅडम. दुपारी मी तिला दोन माडांमध्ये बांधलेल्या झोळीत झोपवलं, फोटो काढला, प्रज्ञाला पाठवला, लिहिलं मम्मी मजेत. त्या फोटोत बघाल तर तिची बोटं हलताना पुसट आलीत, पडल्या पडल्या ती पदराचं टोक मळत होती, कणीक मळावी तसं. मला वाटलं, वाऱ्यानं बरं वाटतंय तिला. फोटो मीच काढला होता, आणि मलाच दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं मला दोनदा विचारलं, हे लग्न कोणाकडचं आहे. एवढी माणसं, एवढी पानं वाढलेली, तिला ते लग्नच वाटणार. मी चिडलो, म्हटलं, किती वेळा सांगायचं. चौथ्या दिवशी दुपारी जेवायला गेलो, तिथं आपल्याकडच्या जेवणासाठी वेगळी मांडणी होती आणि एक केरळचा आचारी सगळ्यांसमोर गरम रोट्या करून द्यायचा. मी सूप घेऊन वळलो तर विमल जागेवर नाही. बघतो तर ती टेबलाच्या पलीकडे, आचाऱ्याच्या शेजारी, पदर खोचलेला, हातात लाटणं, आणि त्याला म्हणतेय, भैया, ये रोटी है के नकाशा, हटो जरा. आचारी हसत बाजूला झालेला. आणि ती लाटायला लागली, एक, दोन, पाच, सगळ्या गोल, तव्यावर टम्म फुगणाऱ्या, गोरे लोक थांबून बघायला लागले, कोणी टाळ्या वाजवल्या. चार दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा तिचा होता. मला दिसलं ते. दिसूनसुद्धा मी काय केलं ऐका.

मला लाज वाटली. आमच्या बाजूच्या टेबलावर अंधेरीचं एक जोडपं होतं, रोज आमच्याशी बोलायचे, त्यांना मी सांगितलं होतं की मिसेसचा केटरिंगचा व्यवसाय होता. ते बघत होते. मी गेलो, तिच्या हातातलं लाटणं ओढून घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, इथंही पोळ्याच लाटायच्यात का तुला, कळत नाही का, आपण पाहुणे आहोत, चल आधी. आचारी म्हणाला, रहने दो ना, खुश है मॅडम. मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. विमलनं हात पदराला पुसले, माझ्यासमोर मान खाली घालून उभी राहिली आणि हळू म्हणाली, साहेब, चुकलं माझं, कामावरून काढू नका, आमच्या ह्यांचं शिक्षण चालू आहे.

काय सांगू तुम्हाला. जन्मभर मला कोणी साहेब म्हटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी परत आलो. विमानतळावर प्रज्ञाचा फोन, कशी झाली ट्रीप, मी म्हटलं झकास. आणि घरी येऊन मी आणखी तेच केलं, स्वयंपाकाला बाई लावली, म्हटलं, हिला पुरता आराम मिळाला की डोकं ताळ्यावर येईल. विमल दिवसभर स्वयंपाकघराच्या दारात उभी. दोन महिन्यांनी एकदा मी भाजी आणून येतो तर घर उघडं आणि ही नाही. सगळा मुलुंड पालथा घातला, शेवटी घाटकोपरच्या वहिनींचा फोन आला, भाऊ, विमलताई इथं येऊन लाटायला बसल्यात, पायात चप्पल नाही. तेव्हा प्रज्ञाला सगळं सांगितलं. ती रडली आणि मग म्हणाली, पप्पा, तुम्ही मला फोटो पाठवत होतात. एवढंच बोलली.

डॉक्टर बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, हा विसरण्याचा आजार आधीपासून होता, सहलीनं नाही झाला, रोजचं काम हातांना पाठ होतं म्हणून तो झाकला गेला, काम सुटलं तसा उघडा पडला, आता जे हातांना येतंय ते करू द्या. मी विचारलं, काम सोडवलं नसतं तर आणखी काही वर्षं बरी राहिली असती का. त्या म्हणाल्या, असा विचार करू नका. म्हणजे बघा, नाही म्हणाल्या नाहीत.

स्वयंपाकाची बाई बंद केली. वर्षभर विमलनं दोन्ही वेळच्या पोळ्या केल्या, मी ओट्याशी उभा राहून गॅसकडं लक्ष ठेवायचो, चांगलं वर्ष होतं ते. मग गेल्या पावसाळ्यात एक दिवस कणकेचा गोळा हातात घेऊन उभी राहिली आणि माझ्याकडं बघायला लागली, ह्याचं काय करतात. हातसुद्धा विसरले.

आता पोळ्या मी करतो. चौसष्ट वर्षांचा बी.ए. झालेला माणूस, कडा जाड राहतात, मधे फाटतात. पण ती खाते, तिला भूक लागते, झोप लागते, कोणाला त्रास नाही तिचा, यापेक्षा जास्त मी मागत नाही, आणि तुम्ही एवढं बसून ऐकलंत, तुमच्या घरी सगळ्यांना सुखाचं असो. ती मला आता ओळखत नाही, पण वागते फार अदबीनं, कोणाच्या घरी आल्यासारखी. परवा जेवताना म्हणाली, पोळी बरी आहे हो, पण तुमच्या घरी बाईमाणूस नाही का. मी म्हटलं, आहे की, माझी बायको आहे. कुठं गेल्या, म्हणाली. मी म्हटलं, बाहेर गेलीय, येईल. तर म्हणाली, मग थांबते मी, त्यांना भेटूनच जाते.

मी म्हटलं, थांबा ना. ताटं तशीच ठेवली आणि दोघंही तिची वाट बघत बसलो.