बांधलेली पिशवी

कुडाळ स्टँडवर मालवणच्या गाडीची वाट बघत होतो. बाकावर माझ्या शेजारी कोर्टातून परतलेल्या एक वकीलबाई आणि त्यांच्या अशिलाची आई.

"आजही जामीन झाला नाही, नर्मदाकाकी. जजसाहेबांचा प्रश्न एकच. सुक्या बांगड्यांखाली गांजा होता, तर तुमच्या अजयनं पिशवी उघडून का नाही बघितली?"

"लोकाची बांधलेली पिशवी कोण सोडून बघता, बाई? देणारो काय म्हणतलो?"

"देणाऱ्याचं नाव तरी?"

"मुंबैक जातंस तर माझ्या भावाक दी, दादराक येतलो, इतक्याच तो म्हणालो. नाव कोण इचारता?"

"मीही इथलीच आहे हो काकी, मला पटतं. पण कागदावर कसं मांडू?"

"चार म्हयने झाले. तुमी तरी किती बोलतल्यात."

तेवढ्यात एक अनोळखी बाई धापा टाकत काकींसमोर आली.

"मावशे, मालवणाक जातंस मां? एवढी पिशवी ने गो. थंय स्टँडार माझो भाऊ येतलो."

"काकी..." वकीलबाई म्हणाल्या.

"दी हय." काकींनी पिशवी हातात घेतली. "गाठ बरी घट मारलंस मां गो? वाटेत सुटाक नको."